बोटीत सांगितलेला शेवट

वासूचेट्टांनी भिंतीवरचा प्रोजेक्टरचा प्लग अंगठ्याने चाचपून पाहिला. प्लग सैल होता. त्यांना बरं वाटलं. खुर्ची सरकवताना पाय अडकला, वायर निघाली, म्हातारा माणूस आहे, दिसत नाही, असं म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं असतं. त्यांनी आपली खुर्ची प्लगच्या शेजारी आणली आणि पाय नेमका कुठे अडकेल याची एकदा तालीमही करून घेतली.

"अप्पूप्पा, तिथून पडदा दिसणार नाही," बिन्सी म्हणाली.

"ऐकू आलं तरी पुरे."

"तुम्हाला ऐकू येत नाही. परवा तुम्हीच म्हणालात."

बिन्सी वाचनालयाची नवी चिटणीस होती. आजोबांच्या वयाच्या माणसांना ती अप्पूप्पा, म्हणजे आजोबाच म्हणे, पण ऐकत कुणाचंच नसे. दर शनिवारी एक जुना मल्याळम सिनेमा दाखवायचा असं तिने ठरवलं होतं, आणि पहिलाच सिनेमा निघाला होता 'धक्क्यावरचा दिवा'. त्याची प्रत हरवली म्हणून सगळे धरून चालले होते. ती कुणाच्या तरी माळ्यावर सापडली आणि धुऊनपुसून पुन्हा चालती झाली.

"काय सिनेमा आहे, अप्पूप्पा! जमीनदारी, जात, बाईची घुसमट. शेवट बघून मी दोन दिवस जेवले नाही."

"मग दाखवतेस कशाला? लोकांना जेवू दे." वासूचेट्टांनी इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "शेवटची दहा मिनिटं वगळली तर नाही का चालणार?"

"त्या दहा मिनिटांसाठीच तर सिनेमा आहे."

"आधीचे दोन तासही वाईट नाहीत म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही पाहिलेला नाही?"

"पाहिलेला नाही," वासूचेट्टा म्हणाले. "सांगितलाय."

पूल होण्याआधी नेडुंतुरुत्त बेटावरून सिनेमाला जायचं म्हणजे बोटीने जायचं. टॉकीज पलीकडच्या काठावर, झावळ्यांच्या भिंतींची. भिंतींतून ऊन आत यायचं म्हणून दिवसा खेळ नसे. संध्याकाळी एकच खेळ, आणि बेटावर येणारी शेवटची बोट तो संपायच्या आधी सुटायची. वेळापत्रक करणाऱ्यांना सिनेमाचं वेड नव्हतं आणि सिनेमा काढणाऱ्यांना बोटीची कल्पना नव्हती. धक्क्यावर भोंगा वाजला की बेटावरचे सगळे प्रेक्षक एकदम उठत. पडद्यावर कुणाचा प्राण जात असो की कोर्टात निकाल लागत असो, हे आपले अंधारात चपला चाचपत बाहेर. पलीकडच्या गावची माणसं "खाली बसा!" म्हणून ओरडायची. बेटावरच्या एका अख्ख्या पिढीने एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता.

शेवट सांगायचे वासूचेट्टा. ते त्या बोटीवर खलाशी होते. दोर फेकायचा, दोर ओढायचा. त्यांनी सिनेमाचा शेवटच काय, सुरुवातही पाहिलेली नसे, कारण संध्याकाळची पाळी कायम त्यांचीच. चढणाऱ्यांकडून ते झालेली गोष्ट ऐकून घेत आणि बेट येईपर्यंत उरलेली सांगून टाकत. "तुला कुठून कळलं रे?" असं कुणी विचारलं, तर पलीकडच्या बोटीवरच्या खलाशाने सांगितलं म्हणत. लोक मानत. अंगावर खाकी होती.

सुरुवातीला त्यांनी एकदोन दुःखी शेवट सांगून पाहिले होते. बायकांच्या बाजूला असा आकांत उडाला की कुणाला उतरायचं भान राहिलं नाही, आणि सुकाणूवरच्या श्रांकला बोट मागे फिरवावी लागली.

"वासू," श्रांक म्हणाला, "उद्यापासून सगळे जगले पाहिजेत."

त्यानंतर सगळे जगले. क्षयाने खंगलेले उठून बसले, बुडालेले पोहून बाहेर आले, संपाच्या सिनेमात मालक आणि मजूर एका पंगतीला बसले. पंगत तर ठरलेलीच. केळीचं पान, दोन प्रकारचं पायसम, आणि आधी ज्याने सगळ्यांना छळलं तोच वाढायला. मल्याळम सिनेमा म्हणजे थोडी रडारड करून शेवटी जेवायला बसणं, ही बेटावरच्या म्हाताऱ्यांची समजूत त्यातून झाली. पुढे टीव्हीवर यातले काही सिनेमे लागले आणि त्यांचे शेवट वेगळे निघाले, तेव्हा टीव्हीवाल्यांनी पंगत कापली असं सगळ्यांनी ठरवलं.

त्या सिनेमांचं काही नव्हतं. 'धक्क्यावरचा दिवा'वर मात्र वासूचेट्टांचा संसार उभा होता.

लग्नाआधी पंकजाक्षीच्या घरात शब्द चालायचा तो तिच्या मामाचा. शंकुण्णीमामांचा काथ्याचा धंदा होता. वासूने कुणाकरवी मागणी घातली, तेव्हा ते म्हणाले होते, "दोर आम्ही विकतो. दोर ओढणाऱ्याला मुलगी देत नाही." काही दिवसांनी तेच मामा घरच्या सगळ्यांना घेऊन सिनेमाला गेले. भोंगा वाजला तेव्हा पडद्यावर मोठ्या घरातली अंबिका मामाने घातलेली कडी काढून, दिवा हातात घेऊन, पाण्याकडे निघाली होती. तिचा सोमन धक्क्यावर दिवाबत्ती करणारा, त्या घराच्या पायरीलाही पाय न लावू शकणारा.

बोटीत मामा नेमके दोराशेजारी येऊन बसले. मग पाण्याकडेच बघत म्हणाले, "काय रे, पुढे काय होतं?"

वासूच्या हातात ओला दोर होता. तो म्हणाला, "मामा मागून धावतात. धक्क्यावर पोचतात. तिचा हात धरतात."

"आणि?"

"आणि सोमनच्या हातात देतात. म्हणतात, बुडायचाच तर माझा ताठा बुडू दे, पोर कशाला?"

बायकांच्या बाजूला पंकजाक्षी तोंडावर पदर दाबून बसली होती. ती रडतेय असं वासूला वाटलं. मामांनी खांद्यावरच्या पंच्याने नाक पुसलं. पंगतीचं वर्णन त्यांनी दोनदा सांगायला लावलं. पुढच्याच आठवड्यात निरोप आला, आणि लग्नात पायसम दोन प्रकारचं होतं.

तेव्हापासून पंकजाक्षीअम्मा हा शेवट सांगत आल्या होत्या. मुलींना, नातींना, एकदा दवाखान्यात सलाईन लावणाऱ्या नर्सलाही. आज सकाळी कडक इस्त्रीचं, सोनेरी कसवू काठाचं वस्त्र काढून त्या म्हणाल्या होत्या, "मामा तिचा हात धरतो, तेवढं डोळ्यांनी बघायचंय. मग डोळे मिटले तरी चालेल."

"माझे गुडघे दुखतायत," वासूचेट्टा म्हणाले.

"गुडघे तुमचे. डोळे माझे."

त्यानंतर ते गुडघ्यांसकट लाइनमनकडे जाऊन आले. लाइनमन भला माणूस होता. "चेट्टा," तो म्हणाला, "वीज आपोआप जाते. विनंतीवरून घालवायची सोय अजून नाही."

म्हणून प्लग.

चारच्या सुमाराला वाचनालय भरलं. म्हातारी मंडळी पुढे, तरुण मागे, मधे एका टेबलावर बिनदुधाचा कट्टन चहा आणि पिकल्या केळ्याची भजी. कुंजन्नम्मा पहिल्या रांगेत भजी संपवत बसली होती. बिन्सीने बोलायला सुरुवात केली, "त्या काळच्या सिनेमांमधलं अपार दुःख..." तेव्हा कुंजन्नम्मा शेजारच्या पत्रोसला म्हणाली, "पोर शिकलेली आहे, पण सिनेमे पाहिलेले दिसत नाहीत."

खिडक्या लावून दिवे मालवले. वासूचेट्टांनी पाय वायरीकडे सरकवला.

"अहो, तिकडे कुठे कोपऱ्यात बसलात?" पंकजाक्षीअम्मांनी त्यांच्या खुर्चीची पाठ धरून ती सरळ आपल्याशेजारी ओढली. "इथे बसा. मला कुणाचा तरी हात धरायला लागेल."

प्लग खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेला.

मग वासूचेट्टांनी जन्मात पहिल्यांदा तो सिनेमा पाहिला. सोमन त्यांना वाटला होता त्यापेक्षा बुटका होता. त्यांनी तर तो माडाएवढा सांगितला होता. सिनेमातल्या मामांना मिशा होत्या, ही गोष्ट त्यांना इतक्या वर्षांत कुणी सांगितलीच नव्हती. अंबिका खिडकीत उभी राहून गात होती, आणि गाणं इतकं चांगलं होतं की ते काही वेळ काळजी करायचंही विसरले. मागची तरुण मुलं गप्प झाली होती. पुढची म्हातारी मंडळी मामा दिसला की चुकचुकत, पण त्यात राग नव्हता. हा शेवटी वाढणार आहे हे त्यांना माहीत होतं.

अंबिकेने कडी काढली. दिवा उचलला.

वासूचेट्टांनी दूरच्या प्लगकडे पाहिलं. त्यांचा हात पंकजाक्षीअम्मांच्या हातात होता. काहीतरी बोलायला हवं होतं. गेल्या आठवड्यात, गेल्या वर्षी, निदान आज सकाळी. त्यांनी तोंड उघडलं.

"चला," पंकजाक्षीअम्मा म्हणाल्या आणि उठल्या.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? बोट सुटेल."

बोट पूल झाला तेव्हाच बंद झाली होती. सिनेमा बेटावरच चालला होता आणि त्यांचं घर वाचनालयाच्या समोरच्या गल्लीत होतं. वासूचेट्टा हे सगळं सांगणार होते, पण तेवढ्यात कुंजन्नम्माचा पाय खुर्चीखाली चप्पल शोधायला लागला. पत्रोसने काठी घेतली. मग त्याच्या पलीकडचा, मग मागची रांग. भोंगा कुठेच वाजला नव्हता, तरी पांढऱ्या केसांची सगळी माणसं उठून अंधारात दाराकडे निघाली. त्यांच्या सावल्यांनी अंबिका कमरेपर्यंत झाकली गेली.

"खाली बसा!" मागून कुणीतरी ओरडलं.

पत्रोसला ते ऐकून फार बरं वाटलेलं दिसलं.

"अम्मूम्मा, शेवट राहिलाय!" बिन्सी दारात आडवी आली. "अहो, शेवट!"

"तो वासू सांगतो," कुंजन्नम्मा म्हणाली आणि तिच्या काखेखालून बाहेर पडली.

वाचनालयाच्या मागे जुना धक्का होता. वर कौलं, खाली सिमेंटचे बाक, समोर कायलचं संध्याकाळचं संथ पाणी. बायका डावीकडे बसल्या, पुरुष उजवीकडे, बोटीत बसायचे तसे. दोर बांधायच्या खांबापाशी वासूचेट्टांची जागा कुणी न सांगता मोकळी राहिली. पंकजाक्षीअम्मा बायकांच्या बाजूला अगदी टोकाला, त्यांच्या हाताशी बसल्या.

"सकाळी लोकांना अंबिकेचा नुसता दिवा सापडतो," त्या हळूच म्हणाल्या. "आणि एक पैंजण."

वासूचेट्टांनी मान वळवली.

"कोट्टयमला मावशीकडे गेले होते तेव्हा पाहिला. तिथे टॉकीज पक्क्या भिंतींची. दुपारचा खेळ होता."

"कधी?"

"तुमच्या त्या बोटीच्या आधी."

पाण्यावरून एक बगळा गेला. वासूचेट्टांनी तो पार दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

"म्हणजे तू पदर लावून..."

"हसू आवरत नव्हतं. पंगतीत मामाच वाढतोय म्हणालात तेव्हा तर खोकायला लागले."

"मग त्याच वेळी बोलली का नाहीस?"

"मामा ऐकत होते ना."

"आणि सकाळी मला ते डोळे मिटायचं..."

"तुम्ही लाइनमनकडे जाता का, ते बघायचं होतं."

पलीकडच्या बाकावरून पत्रोसने काठी आपटली. "काय रे वासू, नवराबायकोचं घरी जाऊन बोला. पुढे काय झालं?"

वासूचेट्टा उभे राहिले. हात रिकामे होते म्हणून ते थोडे गोंधळले. मग खांबाला कुणाच्या तरी होडीचा दोर बांधलेला दिसला, त्याचं मोकळं टोक त्यांनी मुठीत धरलं.

"मामा मागून धावतात," ते म्हणाले. "मिशा आहेत हं त्यांना. मोठ्या."

"त्या दिसल्या," कुंजन्नम्मा म्हणाली. "पुढचं सांग."

ते सांगत गेले. मधेच आतून बासरी ऐकू आली, मग नुसतं पाणी, मग बराच वेळ काहीच नाही. मग खुर्च्या सरकल्या. कुणीतरी मोठ्याने नाक शिंकरलं. वाचनालयाचं मागचं दार उघडून बिन्सी धक्क्यावर आली. डोळे सुजले होते. समोर न येणाऱ्या बोटीची वाट बघत दोन रांगांत बसलेली माणसं हसत होती.

"अप्पूप्पा," ती रडक्या आवाजात म्हणाली, "अंबिका..."

"शू." पंकजाक्षीअम्मांनी सरकून बायकांच्या बाजूला जागा केली. "बस इथे. पानं मांडून झालीत, आता पायसम येतंय."