काठावरची जागा

जाळ्याची शेवटची गाठ आवळून धाकटीने उरलेला दोरा दातांनी तोडला, तेवढ्यात शेडच्या दारात मालकाचा ड्रायव्हर येऊन उभा राहिला.

“मालकांनी बोलावलंय. तुम्हाला आणि भाऊंना, दोघांनाही. भाऊ बंदरावरून थेट ऑफिसात येतायत.”

भाऊ म्हणजे धाकटीचा नवरा. शेडमधल्या बायकांचे हात थांबले. कशासाठी, असं कुणीच विचारलं नाही. सकाळपासून ते वर्तमानपत्र शेडमध्ये हातोहात फिरत होतं. धाकटी उठली, साडीला चिकटलेले दोरे झटकले. शेडमध्ये पहिल्यांदा आली तेव्हा वयाने सगळ्यांत लहान होती, म्हणून ती धाकटी. चाळिशी उलटली तरी नाव तेच राहिलं होतं.

निवडणूक तोंडावर आली होती. मागच्या खेपेला इथला उमेदवार निवडून आला तो एका गल्लीत मावतील एवढ्या मतांनी. यंदा सरकार कुणाचं, ते म्हणे या काठावरच्या जागेवर ठरणार होतं. म्हणून राजधानीतून पत्रकार येत होते. बंदर, बाजार, बसथांबा पालथा घालून माणसांच्या मनात काय आहे ते हुंगत होते. त्यांतलीच एक बाई शेडमध्ये आली, जाळ्यांच्या ढिगाशी टेकून बसली, पोराबाळांची चौकशी केली, आणि बोलता बोलता धाकटीच्या तोंडून निघून गेलं, “बंधारा बांधतो म्हणाले म्हणून मत दिलं. बंधारा राहिला कागदावर आणि पाणी आलं स्वयंपाकघरात. यंदा नाही बाई देणार!”

बायका खो खो हसल्या होत्या. एकीने तर ‘आमचंही हेच लिहा’ म्हणून टाळी दिली होती.

पेपरात तिचं नाव नव्हतं. ‘जाळी दुरुस्त करणारी एक महिला’ एवढंच होतं. पण बंदरावर जाळ्यांची शेड एकच, आणि शेडमधल्या बायकांत स्वयंपाकघरात पाणी शिरलेली तीच. शेड मालकाची. तिचा नवरा ज्या बोटीचं इंजिन सांभाळायचा ती बोटही मालकाची. आणि मागच्या खेपेला निवडून आलेला, यंदा पुन्हा उभा राहिलेला उमेदवार म्हणजे मालकाचा सख्खा मेहुणा.

एरवी ‘वहिनी, वहिनी’ करत जीव नकोसा करणारा ड्रायव्हर आज पुढे चालत होता, मागे वळून बघत नव्हता. वाटेत सलूनवाल्याचं दुकान लागलं. गेल्या आठवड्यात त्याने दारावरचं उमेदवाराचं पोस्टर उतरवलं होतं. दुसऱ्या दिवशी आरसे फुटले. कुणी फोडले ते साऱ्या गावाला ठाऊक होतं, पोलिसांना तेवढं ठाऊक नव्हतं. सलूनवाला एका फुटक्या आरशासमोर कुणाची तरी दाढी करत होता. धाकटीला पाहून त्याने नजर खाली घातली.

ऑफिसात नवरा आधीच येऊन उभा होता. ग्रीसने काळे झालेले हात कुठे ठेवावेत ते न सुचून त्याने ते पाठीमागे धरले होते. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

“बसा वहिनी,” मालक म्हणाला. चहा आला. कप तिने तसाच राहू दिला.

मालकाने ड्रायव्हरला बाहेर घालवलं आणि स्वतः उठून दार लावलं. शिव्या, दमदाटी, कामावरून काढणं, सगळ्याची तयारी तिने वाटेत मनाशी केली होती. मालक मात्र खुर्ची ओढून तिच्या समोर येऊन बसला.

“खरं सांगा. मी रागावणार नाही. शेडमध्ये आणखी किती जणींना असं वाटतं?”

तेव्हा तिला दिसलं. पंखा डोक्यावर गरगरत होता, तरी मालकाचा सदरा काखेत ओलागच्च झाला होता. नखं पार कुरतडलेली होती. हे बघून तिला धीर यायला हवा होता. उलट ती खुर्चीत आणखी मागे सरकली. रागावलेला मालक तिच्या ओळखीचा होता. घाबरलेला मालक तिने कधी पाहिला नव्हता.

डोळ्यांसमोर एकेक चेहरा आला. टाळी देणारीचा मुलगा मालकाच्या बोटीवर. म्हातारी राहते ती मालकाच्या खोलीत. तिसरीचा तर सातवा महिना चालू.

“मी एकटीच,” ती म्हणाली. “घरात पाणी शिरलं, त्या रागात बोलून गेले. बाकीच्या मलाच वेड्यात काढत होत्या.”

मालकाने नवऱ्याकडे मान वळवली. “काय रे?”

“बायकांचं मला काय माहीत, मालक. मी आपला इंजिनात.”

मालकाने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. मग मागे रेलला. त्याचे खांदे सैल पडले.

“एकीची समजूत काढता येते,” तो म्हणाला. “चहा घ्या, निवतोय.”

बाहेर पडल्यावर दोघं समुद्राकडेच्या रस्त्याने चालले. बर्फाच्या कारखान्यापाशी माणसांची वर्दळ संपली, तेव्हा नवरा थांबला.

“शेडमध्ये खरंच किती जणी आहेत?”

तोच प्रश्न, आवाज फक्त खालचा. धाकटीने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या नुसत्या खाकरण्यावरून आज इंजिनाने त्रास दिला की नाही ते ओळखणारी ती. पण हा कुणासाठी विचारतोय, ते तिला कळेना. तो पाण्याकडे बघत होता.

“आत सांगितलं ना,” ती म्हणाली.

“हो. ऐकलं.”

त्याने बोटांवरचं ग्रीस विजारीला पुसलं. पुन्हा पुसलं.

“आज शेडमध्ये जाऊ नकोस. घरी जा. मी येईपर्यंत दार आतून लावून घे.”

आणि तो बंदराकडे वळला. की ऑफिसाकडे, वळणावरून तिला नीट दिसलं नाही.

दिवसाढवळ्या त्यांच्या दाराला कडी कधी लागली नव्हती. खाऱ्या हवेने ती गंजून बसली होती. धाकटीने दोन्ही हातांनी ती रेटून बसवली आणि दाराला पाठ लावून खाली बसली. गल्लीतून कुणी गेलं की ती दाराला कान लावायची. नवऱ्याची पावलं आपण शंभरात ओळखू, असं तिला आजवर वाटत आलं होतं.