बाराव्या चिठ्ठीची जागा

स्पॅनिशमधलं एकच क्रियापद नणंदेला सगळ्या काळांत बिनचूक येत होतं, आणि तेवढ्या भांडवलावर तिला ऑपरेशन थिएटरात बसवण्यात आलं होतं.

क्रियापद होतं ‘इर’, म्हणजे जाणे. आठ वर्षांपूर्वी वहिनी लग्न होऊन घरात आली, तेव्हा तिने हौसेने नणंदेला आपल्या वर्गात बसवून शिकवायला घेतलं. वहिनी स्पॅनिशची शिक्षिका. नणंद पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत रसायनतज्ज्ञ. तीन महिन्यांत विद्यार्थिनीने हात टेकले. ‘इर’ तेवढं डोक्यात राहिलं, कारण ते कुठल्याच नियमाने चालत नाही आणि याचा तिला तेव्हा फार राग आला होता. आत्ता ‘बॉय’, मागे ‘फुई’, पुढे ‘इरे’. एका क्रियापदाने इतकी रूपं बदलायची म्हणजे काय!

वहिनीच्या मेंदूत डाव्या बाजूला लिंबाएवढी गाठ होती, भाषेच्या भागाला खेटून. ऑपरेशनच्या मधल्या टप्प्यात डॉक्टर तिला जागी ठेवणार होते. मेंदूला वेदना कळत नाहीत. एकेका जागेवर चार सेकंद बारीकसा विजेचा प्रवाह द्यायचा आणि तिला बोलतं ठेवायचं. बोलणं अडलं, तर ती जागा भाषेची. तिथे आकडा लिहिलेली कागदाची इवलीशी चिठ्ठी ठेवायची आणि पुन्हा तपासून खात्री करायची. दोन भाषा येणाऱ्या माणसाच्या मेंदूत त्या एकाच जागी असतीलच असं नाही, म्हणून दोन्ही तपासायच्या. मराठीसाठी रुग्णालयातल्या थेरपिस्ट बाई होत्या. स्पॅनिशसाठी कोणी नव्हतं, आणि आपल्या विद्यार्थ्यांनी आपल्याला त्या अवस्थेत बघावं हे वहिनीला मान्य नव्हतं.

“नियमाने चालणारं क्रियापद माणूस जुळवून बोलू शकतो,” थेरपिस्ट बाईंनी आदल्या दिवशी समजावलं होतं. “न चालणारं आठवावंच लागतं, म्हणून हेच बरं. त्या अडल्या की तुम्ही ‘थांबली’ एवढंच म्हणायचं. प्रवाह कधी सुरू आहे हे तुम्हाला कळणार नाही. कळलं तर तुम्ही चुकीची वाट बघत बसाल. आणि मदत करायची नाही. पहिलं अक्षरसुद्धा नाही. पहिलं अक्षर मिळालं की अडकलेला शब्द बऱ्याचदा बाहेर पडतो. मग आम्हाला वाटतं, जागा मोकळी आहे.”

जागा मोकळी, म्हणजे कापायला मोकळी.

यावरून घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. दादाचं म्हणणं एकच: सगळी गाठ काढा. “भाषा काय, पुन्हा शिकता येईल. गाठ राहिली तर?”

“पुन्हा शिकणं इतकं सोपं असतं, तर तुझी बहीण नसती का शिकली?” वहिनी म्हणाली. मग हसू आवरून म्हणाली, “बावीस वर्षं ती भाषा माझ्या तोंडात आहे. ती काढून मला घरी पाठवलंत, तर नक्की कोणाला पाठवलंत?” आणि तिने कागदावर सही केली. स्पॅनिश जिथे अडेल तिथे कापायचं नाही. जे राहील त्याला किरणोपचार द्यायचे.

थिएटरात हुडहुडी भरेल इतका गारठा होता. वहिनी उजव्या कुशीवर, डोकं धातूच्या पकडीत आवळलेलं. चेहऱ्याभोवती निळ्या कापडाचा लहानसा तंबू केला होता. नणंदेचं स्टूल त्या तंबूच्या तोंडाशी होतं. कापडाच्या पलीकडे डॉक्टर काय करत होते ते तिला दिसत नव्हतं. ऐकू मात्र सगळं येत होतं, रक्त शोषणाऱ्या नळीचा घरघराट धरून.

“या वन्सं,” वहिनी घोगऱ्या आवाजात म्हणाली. “नमुना घ्यायला आलात?”

“दुसरं क्रियापद नव्हतं का गं तुझ्याकडे? इथे येऊन जाणे-बिणे काय…”

“तुला दुसरं येतं?”

कापडापलीकडे कोणीतरी हसलं.

थेरपिस्ट बाईंनी चित्रं दाखवायला सुरुवात केली. हे कुलूप आहे. हा कंगवा आहे. मग स्पॅनिश. बॉय, बास, बा, बामोस. वहिनी वर्गात म्हणायची तशीच, दर रूपाला एक ठोका देत म्हणत होती. मधूनच एखादं चित्र किंवा रूप अडे आणि डॉक्टर चिठ्ठीचा आकडा पुटपुटत. अकरा आकडे झाले. मग “फुई, फुइस्ते…” आणि पुढे काही नाही.

“थांबली,” नणंद म्हणाली.

“बारा,” डॉक्टर म्हणाले.

पुन्हा चित्रं, पुन्हा क्रियापद. इबा, इबास. इरे, इरास. मग फुई, फुइस्ते… आणि वहिनीच्या भुवया वर गेल्या.

या भुवया नणंदेच्या ओळखीच्या होत्या. वर्गात वहिनी मध्येच अशी थांबायची, भुवया उंचावायची आणि पुढचं रूप विद्यार्थ्यांकडून वदवून घ्यायची. नणंदेच्या तोंडून मास्कच्या आतल्या आत निघून गेलं, “फु…”

“फुए,” वहिनी म्हणाली. “फुइमोस, फुइस्तेइस, फुएरोन.”

नळीच्या घरघराटात कोणाला काही ऐकू गेलं नाही. आपण काय केलं हे नणंदेला दोन श्वासांनंतर उमगलं. सांगावं का? पण ती भुवयांची सवयच असेल. प्रवाह सुरू नसेलही.

पाच मिनिटांनी पुन्हा. फुई, फुइस्ते… या वेळी भुवया हलल्या नाहीत. नुसते डोळे मोठे झाले, अंधारात पायरी चुकल्यासारखे. आता संशयाला जागा नव्हती. नणंदेच्या डोळ्यांसमोर दादा आला, बाहेरच्या बाकावर गुडघ्यांवर कोपरं टेकून बसलेला. आणि तिने समजून उमजून, हळूच म्हटलं, “फु…”

“फुए.”

“ठीक आहे,” डॉक्टर म्हणाले. “बारा नंबरवर पहिल्यांदा अडल्या, नंतर दोन्ही वेळा बरोबर. मराठी पहिल्यापासून बरोबर आहे. पहिलं अडखळणं दमल्यामुळे असेल. चिठ्ठी काढतो. इथून आत शिरता आलं, तर पूर्ण निघेल.”

पूर्ण. दादाला हवा असलेला शब्द. नुसतं गप्प बसायचं होतं. कोणाला कधीच कळणार नव्हतं. नको असलेलं रीडिंग खोडलं म्हणून प्रयोगशाळेतल्या एका मुलीला तिने स्वतः घरचा रस्ता दाखवला होता, पण ते पाणी होतं. इथे गप्प राहिलं तर वहिनीची भाषा जाणार, बोललं तर गाठ राहणार. ट्रेवर एक हत्यार ठेवल्याचा आवाज झाला, दुसरं उचलल्याचा झाला. वहिनी तिच्याकडेच बघत होती.

“डॉक्टर.” घरघराटात ते विरून गेलं. “डॉक्टर, थांबा! मी सांगितलं.”

“काय सांगितलं?”

“पहिलं अक्षर. दोन्ही वेळा.”

नळी बंद झाली. थेरपिस्ट बाई मान वळवून तिच्याकडे पाहत राहिल्या.

“चुकून?” डॉक्टरांनी विचारलं.

“पहिल्यांदा चुकून.”

ते रागावतील असं तिला वाटलं होतं. ते इतकंच म्हणाले, “स्टूल मागे घ्या. तोंडावर हात ठेवा. बारा नंबर पुन्हा बघू.”

तिने मास्कवर तळहात दाबून धरला. फुई, फुइस्ते… एक. दोन. वहिनीचे ओठ हलले, पण त्यांच्यातून काही आलं नाही. तीन. तिचे डोळे नणंदेला शोधत होते, वाट बघत होते. चार.

“थांबल्या,” थेरपिस्ट बाई म्हणाल्या, आणि चित्र पुढे धरलं.

“ही… शिडी आहे,” वहिनी म्हणाली.

पुन्हा एकदा केलं. पुन्हा तेच झालं.

“चिठ्ठी राहू दे,” डॉक्टर म्हणाले. “या बाजूला इथेच थांबायचं.”

दुपारी दादा बाकावरून उठून समोर आला. “सगळी निघाली ना?”

“नाही. थोडी ठेवली.” आणि तिने त्याला सगळं सांगितलं, ‘पहिल्यांदा चुकून’ आणि दुसऱ्यांदा कसं, तेही.

दादाने विचारलं, “तू गप्प बसली असतीस तर?”

“तर निघाली असती.”

तो खिडकीशी जाऊन पाठमोरा उभा राहिला. चहा आणला तोही एकच कप, आणि तो तसाच निवत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी नणंदेला पाच मिनिटं आत सोडलं. वहिनीच्या डोक्याला पांढरं बँडेज होतं, एक डोळा सुजून मिटला होता.

“तू सांगत होतीस ते मला ऐकू येत होतं,” वहिनी म्हणाली.

“मग बोलली का नाहीस?”

“पहिल्यांदा नुसतं बरं वाटलं. शब्द सापडला म्हणून.” ती दम घ्यायला थांबली. “दुसऱ्यांदा म्हटलं, हिला माझी सही मोडायचीय, तर मोडू दे. सुटले. मलाही भीती वाटत होती गं.”

नणंदेने पलंगाची दांडी घट्ट धरली. “म्हणजे तुला काढून हवी होती?”

“तेव्हा हवी होती. आता विचारशील तर नको. उद्याचं विचारू नकोस.” मग म्हणाली, “किती राहिलीय?”

“शेंगदाण्याएवढी.”

“वाढेल?”

“माहीत नाही. तीन महिन्यांनी फोटो काढणार आहेत.”

वहिनीने चांगला डोळाही मिटून घेतला. “जा. त्याला पाठव. बाहेर बसून काय काय मनात आणलं असेल त्याने, कोण जाणे.”

तीन महिने. दारापर्यंत जाता जाता नणंदेने दिवस मोजून टाकले. एक्क्याण्णव होते. दाराबाहेर दादा उभाच होता. रात्रीत त्याची दाढी वाढली होती.

“काय म्हणाली?” कालच्या दुपारनंतरचा त्याचा तिच्याशी हा पहिलाच प्रश्न.

ती क्षणभर घुटमळली.

“तुला बोलावलंय,” ती म्हणाली, आणि बाजूला झाली.