बॅनरवरची खुशी

रामनाथ घरत बालवाचन प्रतिष्ठानने दिलेल्या पुस्तकांच्या कपाटांना कुलूप नसायचं. ही अट मीराची. पुस्तकं फाटतील या भीतीने शाळा ती पत्र्याच्या पेटीत ठेवतात आणि मग तिथे वाळवी पोसते, असं ती मुख्याध्यापकांना तोंडावर सांगायची. कपाट उघडं राहणार असेल तरच आम्ही देणार. ती हे इतक्या ठामपणे बोलायची की समोरचा मान डोलावूनच मोकळा व्हायचा.

रामनाथ हे तिचे सासरे. वसईकडच्या गास गावात भातशेती करणारे, चौथीत शाळा सुटलेले, पण भेळेचा कागदसुद्धा उलगडून वाचल्याशिवाय न टाकणारे. ते गेल्यावर त्यांच्या मुलाने, म्हणजे मीराच्या नवऱ्याने आत्मारामने, त्यांच्या नावाने ही संस्था काढली. आत्मारामचा रेती-सिमेंटचा धंदा चांगला चालला होता. पैसा त्याचा आणि पायपीट मीराची, असं घरात आपोआप ठरून गेलं. मीराने लग्नाआधी बालवाडीत शिकवलं होतं. मुलांमध्ये बसली की ती खुलायची, आणि लोक तिला नावाजायचे ते काही उगाच नाही.

संस्थेला दहा वर्षं होत होती. माणिकपूरच्या एका हॉलमध्ये कार्यक्रम ठरला होता आणि बॅनरसाठी एखादा चांगला फोटो हवा होता. त्याच सुमाराला चिंचोटीच्या पुढे, डोंगराच्या अंगाला असलेल्या एका लहान शाळेत कपाट बसवलं. मीरा गेली तेव्हा आत्मारामचा पुतण्या कल्पेश कॅमेरा घेऊन बरोबर आला होता.

कपाट उघडल्याबरोबर मुलं पुस्तकांवर तुटून पडली. एक मुलगी मात्र आपलं पुस्तक घेऊन पडवीच्या पायरीवर जाऊन बसली. तिसरीतली असेल. दोन वेण्या, लाल रिबिनी, गुडघ्यांवर उघडलेलं पुस्तक. बोट ओळीवरून फिरत होतं, ओठ हलत होते, आणि कोवळं ऊन बरोबर तिच्या गालावर आलं होतं.

"काकी, ही बघा," कल्पेश हळूच म्हणाला. "हाच आपला फोटो."

मीराने पाहिलं आणि तिला आणखी एक गोष्ट दिसली. मुलीचं बोट ओळीवरून जसं फिरत होतं तसंच चित्रावरूनही फिरत होतं. झाडावरून, बदकावरून, परत खाली. बालवाडीत काढलेली वर्षं अशी पुसली जात नाहीत. ही पोर वाचत नाही, वाचण्याचा खेळ खेळते आहे, हे तिला तेव्हाच कळलं.

कल्पेशने फोटो काढायला सुरुवात केली तशा वर्गशिक्षिका मर्लिनबाई मीराच्या जवळ आल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "ताई, ही खुशी. गोष्टी सांगायला फार गोड आहे, पण हिला अजून वाचता येत नाही. काना-मात्रेलाच अडते. माझी मेहनत चालू आहे तिच्यावर. फोटोला दुसरी कुणी घेऊ या का?"

"अहो बाई, फोटोत कुठे आवाज येतो?" मीरा हसून म्हणाली.

मर्लिनबाईही हसल्या. थोडंसंच. मग त्या दुसऱ्या मुलांकडे वळल्या.

फोटो अप्रतिम आला. कल्पेशने खाली मोठ्या अक्षरांत 'मी वाचते, मी वाढते' असं टाकलं आणि कोपऱ्यात छोट्या अक्षरांत 'खुशी, इयत्ता तिसरी'. आठवड्याभरात बॅनर माणिकपूरच्या नाक्यावर, नालासोपाऱ्याला, विरारला सगळीकडे झळकले. खुशीचा बाप विकी रिक्षा चालवायचा. त्याने कल्पेशकडून एक छोटं पोस्टर मागून घेतलं आणि रिक्षाच्या पाठीवर चिकटवलं. स्टँडवरच्या सगळ्यांना तो बोलावून दाखवायचा. हे कल्पेशने कौतुकाने घरी सांगितलं तेव्हा मीराला मर्लिनबाईंचं बोलणं आठवलं. पण कार्यक्रमाची धावपळ होती, आणि धावपळीत असल्या गोष्टी मागे टाकता येतात.

कार्यक्रमाला हॉल भरला. शाळाशाळांची मुलं आली होती, देणगीदार होते, गासची अर्धी आळी होती. शिक्षण खात्यातून निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी पाहुणे म्हणून आले होते. माणूस प्रेमळ, मुलांचा लळा असलेला. भाषण आटोपता आटोपता त्यांनी मागे वळून बॅनरकडे पाहिलं.

"ही मुलगी आली आहे का इथे? तिला वर बोलवा. आपण नुसती भाषणं कशाला ऐकायची? तिच्याकडून एक पान ऐकू."

माइक मीराच्या हातात होता. सूत्रसंचालन तीच करत होती. वेळ फार झाला, साहेब, मुलांना लांब जायचं आहे, एवढं एक वाक्य पुरे होतं. ते तिच्या जिभेवर आलंही. तेवढ्यात इस्त्रीचा शर्ट घातलेला विकी पोरीला पुढे घेऊन आला. त्याचा चेहरा अभिमानाने नुसता फुलला होता. मीराने समोर पाहिलं, देणगीदारांच्या रांगेकडे पाहिलं. मध्ये बरेच दिवस गेलेत, बाईंनी शिकवलंही असेल एव्हाना, अशी एक वेडी आशा तिने मनाशी धरली. मग टेबलावरच्या पुस्तकांतून सगळ्यात कमी मजकुराचं पुस्तक शोधून तिने स्वतःच्या हाताने खुशीला दिलं.

खुशीने पुस्तक उघडलं. चित्रात बदक होतं.

"एक बदक व्हता," ती म्हणाली. आवाज स्वच्छ होता. "त्याला पोवायला पानी पायजे व्हता. पन नदी सुकली व्हती. मग तो ढगाला बोलला, माझ्या घरी चल."

हॉल शांत झाला. पोर खरंच गोड सांगत होती. ढग बदकाच्या घरी आला, बदकाच्या आईने त्याला चहा दिला. पाहुणे कौतुकाने वाकून पुस्तकात पाहू लागले आणि त्यांनी चष्मा सारखा केला.

"वा. पण बाळ, इथे ढग कुठे आहे? इथे काय लिहिलंय ते वाच बरं."

खुशीचं बोट चित्रावरच थांबलं.

"हे पहिलं अक्षर कोणतं?"

मुलांच्या रांगांतून कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी काही जण हसले. मग मोठी माणसंही हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. लहान मुलाच्या लबाडीला हसतात तसं ते हसणं होतं. पाहुण्यांनीही तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पोरगी हुशार आहे. मनानेच रचते."

"खुशीसाठी जोरदार टाळ्या," मीरा माइकवर म्हणाली. टाळ्या झाल्या. मीराला पुढे कितीतरी दिवस हसण्यापेक्षा त्या टाळ्याच जास्त ऐकू येत राहिल्या. खुशी कुणाकडेच पाहत नव्हती, फक्त बापाकडे पाहत होती. आणि विकीची मान खाली गेली होती.

त्यानंतर खुशी शाळेत यायची बंद झाली. मर्लिनबाईंच्या फोनवरूनच मीराला हे कळलं. मुलं तिला 'बॅनर' म्हणून चिडवत होती. घरी ती पुस्तकाला हात लावत नव्हती, आणि गोष्टीही सांगत नव्हती.

मीरा तिच्या घरी गेली. विकी अंगणात रिक्षा धूत होता. रिक्षाच्या पाठीवर पोस्टर नव्हतं, नुसते गोंदाचे डाग राहिले होते. त्याची बायको दिपिका बाहेर आली, खुर्ची पुसून दिली, चहा ठेवला. खुशी आतल्या खोलीच्या दाराआड उभी होती. तिच्या फ्रॉकची कड तेवढी दिसत होती.

मीराने झाल्या प्रकाराबद्दल वाईट वाटतं असं सांगितलं. तिला सांगताना वाटलं की आपण चांगलं बोलतो आहोत. विकीने ऐकून घेतलं. मग हातातलं फडकं पिळत विचारलं, "मॅडम, एक विचारू? तिला वाचाया येत नाय, हे तुम्हाला ठाव होतं का?"

त्याच्या बोलण्यात आरोप नव्हता. त्याला फक्त माहीत करून घ्यायचं होतं. आणि दाराआडून फ्रॉकची ती कड हलली.

"नाही," मीरा म्हणाली. "मला कल्पना नव्हती."

विकीने मान हलवली. "तेच बोललो मी हिला. मॅडम असं कशाला करतील? बाईंनी सांगायला पायजे होतं तुम्हाला. त्यांना तर ठाव होतं."

मीरा चहा प्यायली. रिकामा कप हातात तसाच धरून ती बसून राहिली, तेव्हा दिपिकाला वाटलं मॅडमना पोरीचं दुःख झालंय, आणि तिने मीराच्या हातावर हात ठेवला.

विकी तिथेच थांबला नाही. त्याने शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांकडे जाऊन मर्लिनबाईंची तक्रार केली. पोरीला शिकवत नाहीत आणि वर लोकांपुढे उभी करतात, असं. स्टँडवरही तो तेच बोलत राहिला. बाईंना बोलावणं आलं, खुलासा द्यायला सांगितलं. त्या संध्याकाळी त्यांनी मीराला फोन केला.

"ताई, रागावू नका. मी तुम्हाला फोटोच्या वेळी सांगितलं होतं ना? की मलाच तसं वाटतंय?"

मीरा म्हणाली, "सांगितलं होतंत."

"मग ठीक आहे," मर्लिनबाई म्हणाल्या. "मला वाटायला लागलं होतं, मीच विसरले की काय." त्यांनी दुसरं काही विचारलं नाही आणि फोन ठेवला.

आत्मारामला मीराने सगळं सांगितलं. त्याने ऐकलं आणि लगेच मोबाइल उचलला. केंद्रप्रमुख त्याच्या ओळखीचे होते. दहा मिनिटांत बोलणं आटोपून तो म्हणाला, "झालं. बाईंना काही होणार नाही. तक्रारीचा कागद पुढे जाणार नाही. आता तू हा विषय सोड."

"आणि विकी?"

"त्याला काय सांगणार आहेस? संस्था तुझी एकटीची आहे का? बाबांचं नाव आहे त्यावर."

सोडायचा म्हटलं असतं तर विषय सुटला असता. बाईंची नोकरी सुखरूप होती. मीराने आठवडाभर तसा प्रयत्न करूनही पाहिला. पण बाजारात भाजी घेताना, पोळ्या लाटताना तिला ते फडकं पिळणारे हात दिसायचे. मॅडम असं कशाला करतील? तो माणूस तिच्यावर विश्वास ठेवून दुसऱ्या कुणाला तरी शिव्या देत होता.

शेवटी ती रिक्षा स्टँडवर गेली. घरी गेली नाही, कारण विकी मर्लिनबाईंबद्दल स्टँडवरच बोलला होता. दुपारची वेळ होती. रिक्षा रांगेत उभ्या होत्या आणि चालक सावलीत गप्पा मारत होते. मीराला पाहून विकी पुढे आला, आणि ती त्याला बाजूला घेऊन गेली नाही.

"विकी, मी तुमच्याशी खोटं बोलले. खुशीला वाचता येत नाही हे मला माहीत होतं. फोटो काढला त्याच दिवशी मर्लिनबाईंनी सांगितलं होतं. दुसरी मुलगी घ्या असंही म्हणाल्या होत्या. मीच ऐकलं नाही. स्टेजवर तिला थांबवायचं माझ्या हातात होतं, तेही मी केलं नाही. बाईंचा यात काही दोष नाही."

विकी तिच्याकडे पाहत राहिला. त्याला राग यायला वेळ लागला.

"तुम्ही माझ्या घरात बसून चहा प्यायलात," तो म्हणाला.

"हो."

"माझ्या बायकोने तुमचा हात धरला."

तेवढ्यात रांग पुढे सरकली, विकीच्या रिक्षात दोन बायका येऊन बसल्या. तो काही न बोलता गेला, रिक्षा चालू केली आणि निघून गेला. बाकीचे चालक इकडेतिकडे पाहू लागले. मीरा चालत वसई रोडच्या दिशेने निघाली. कुठल्याही रिक्षात बसायची तिला हिंमत झाली नाही.

तिने बॅनर उतरवून घेतले. आत्माराम तिच्याशी कितीतरी दिवस धड बोलला नाही. गासमध्ये ज्यांना कळायचं त्यांना कळलं. विकी मात्र शाळेत जाऊन मर्लिनबाईंची माफी मागून आला, आणि खुशी पुन्हा शाळेत जायला लागली.

मीराने बाईंना विचारलं, वाचायला अडणाऱ्या मुलांबरोबर मी येऊन बसू का?

"या," मर्लिनबाई म्हणाल्या. "पण खुशीला मीच घेणार. तिला तुमच्याजवळ बसवणार नाही. आणि कॅमेरा नको, ताई. कुणाचाच."

मीरा दर गुरुवारी जाऊ लागली. पडवीत चार-पाच मुलं घेऊन बसायची, काना-मात्रा घोटून घ्यायची. खुशी वर्गात, बाईंच्या टेबलाजवळ. कधी खिडकीतून तिचा आवाज यायचा, अक्षर अक्षर जोडत जाणारा, मध्येच थांबणारा. मीरा आपलं बोट मुलांच्या ओळीवर ठेवायची आणि खिडकीकडे पाहायचं टाळायची.

पावसाळा संपत आला होता. एका गुरुवारी सुट्टीत खुशी आपणहून तिच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात अर्धा खाल्लेला पेरू होता.

"तुम्ही माझा फोटो का काढला?"

"तू खूप छान दिसत होतीस म्हणून."

"मला वाचाया येत नव्हतं, ते तुम्हाला म्हाईत व्हतं?"

"हो. माहीत होतं."

खुशीने पेरूचा एक घास घेतला. ती चिडल्यासारखी दिसत नव्हती. कुठलं तरी गणित मनात जुळवत असल्यासारखी दिसत होती.

"मंग मला का नाय सांगितलं?" ती म्हणाली. "मला वाटलं, मी वाचते."

मीराने मांडीवरचं पुस्तक मिटलं. मग खुशी अंगणात मुलींचा लंगडीचा डाव मांडला जात होता तिकडे पळाली, आणि तिला कुणीतरी आपल्या बाजूला घेतलं.