पाचवी रांग, बारावी खुर्ची

"हे मी सांगितलं, तर तुमच्यातला एकही जण खरं मानणार नाही," टेलरमास्तर म्हणाले आणि ओठांत धरलेल्या टाचण्या त्यांनी एकेक करून कोटाच्या कॉलरला टोचल्या. "पण परवा गेला ना तो गायक, त्याच्या कोटाचं बटण ह्या हातांनी लावलंय."

"मग नका सांगू," इस्त्रीवाला म्हणाला. त्याचं टेबल दुकानाच्या पायरीशीच होतं. "खरं मानायचंच नाही, तर ऐकायचं कशाला?"

"अरे, सांगू दे की," घंटाकाका म्हणाले. शाळेत पस्तीस वर्षं घंटा बडवून ते निवृत्त झाले होते. आता त्यांना वेळ मोजायचा नसे, नुसता घालवायचा असे.

गल्लीत मास्तरांना मागे 'वारभर' म्हणत. बोटभर चिंधी हाती लागली की ते तिची वारभर गोष्ट करत. एकदा त्यांना विषमज्वर झाला होता. तो ताप पहिल्या वर्षी एकशे चार होता, मुलीच्या लग्नापर्यंत एकशे सातवर गेला, आणि हल्ली एकशे नऊ होऊन थर्मामीटरच फुटत असे. लोक हसत, मास्तरही हसत. पण आजच्या थापेत हसू नव्हतं. आज आत काहीतरी करपत होतं.

गायक मंगळवारी गेला. तेव्हापासून रेडिओवर दुसरं काही नव्हतं आणि गल्लीतही नव्हतं. इस्त्रीवाल्याने म्हणे त्याच्या गाण्यापायी एका वकिलाचा सदरा जाळला होता. घंटाकाकांनी म्हणे त्याचं गाणं संपेपर्यंत मधली सुट्टी संपल्याची घंटा सात मिनिटं रोखून धरली होती, आणि पोरांनी त्यांना खांद्यावर घ्यायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. मोठा माणूस मेला की तो सगळ्यांचा होतो. व्हावा बापडा. मास्तरांचं म्हणणं एवढंच होतं, की तो माझ्या बायकोचा का म्हणून व्हावा?

मास्तरीणबाई दुकानाच्या मागच्या अंगाला, पडद्यापाशी स्टुलावर बसल्या होत्या. चाळीस वर्षं दुकानातली सगळी काजं त्यांच्या हातची. मशीनवर काज कुणीही काढील. पण त्यांनी हाताने घातलेलं काज कापड विरलं तरी उभं राही. गेल्या तीन दिवसांत मात्र एक काज झालं नव्हतं. मांडीवर सदरा, सुईत दोरा, आणि डोळे सुजलेले.

"मी गेल्यावर एवढी रडशील का गं?" काल मास्तरांनी विचारलं होतं.

"जाऊन तर बघा," ती म्हणाली होती.

बायकांच्या नशिबी सवत येते, तिला निदान नाव तरी आहे. पुरुषांसाठी भाषेत तसा शब्दच नाही. मास्तरांना शब्द नसताना ती चीज मिळाली होती. चाळीस वर्षं त्या माणसाने घरात ठाण मांडलं होतं. उंबरठा कधी ओलांडला नाही, पाण्याचा पेला कधी मागितला नाही. पण मशीनची घरघर थांबली की त्याचा आवाज सुरू. मास्तरांनी एकदा रेडिओचे सेल काढून लपवून ठेवले. तर ही स्वतःच गुणगुणायला लागली. आता तिचे सेल कुठून काढणार?

आणि परवा तर कहरच झाला. एका जुन्या कोटाला जोडीचं बटण हवं म्हणून मास्तरांनी बटणांचा पत्र्याचा डबा उपडा केला. तळाच्या कागदाखाली एक तिकीट. टाउन हॉल, त्या गायकाचं नाव, बत्तीस वर्षांपूर्वीची तारीख. पाचवी रांग, खुर्ची बारा.

गायक या गावात एकदाच आला होता. म्हणजे ही गेली होती. नवऱ्याला न सांगता, एकटी. आणि बत्तीस वर्षं पोटात ठेवून, समोर बसून काजं घालत राहिली. मास्तरांनी तिकीट होतं तिथे ठेवलं. सरळ विचारायची छाती नव्हती. त्यांना कुठेही जायचं झालं तरी त्यांची वाट थापेवरूनच जायची.

"तर कार्यक्रमाच्या दिवशी," मास्तर पडद्याच्या दिशेने आवाज चढवून म्हणाले, "साडेपाच वाजता त्याचा मॅनेजर धावत आला. म्हणाला, मास्तर, बटण तुटलं, अब्रू वाचवा. मी म्हटलं, हातात काम आहे. तर पाय धरले त्याने."

"पाय धरले?"

"लोळण घेतली. मग गेलो. बघतो तर बटणाचा दोष नाही, पोटाचा दोष. छाती चौतीस, पोट त्रेचाळीस. डावा खांदा पाऊण इंच पडलेला. फोटोत दिसतो तो सगळा कापसाचा माल. शेवटी मी आतून पट्टा शिवून आवळला, तेव्हा कुठे कोट मिटला. आता श्वास कसा घेणार? तुम्ही ज्या लांब सुरावर माना डोलावता ना, तो सूर नाहीच. अडकलेला श्वास आहे तो."

"रेकॉर्डवरही?" इस्त्रीवाल्याने विचारलं.

"पुढे सवय लागली."

घंटाकाका खोकेपर्यंत हसले. पडद्यापाशी रेडिओचा आवाज बारीक झाला. मास्तरांनी तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. ती ऐकत होती.

"मग मी विंगेत उभा राहिलो," मास्तर म्हणाले. आता आवाज आपोआप उतरला. "तिथून सगळे प्रेक्षक दिसत होते. पाचवी रांग. बारा नंबर. तिथे एक बाई होती, निळ्या कपड्यांत. एकटीच आलेली. ती त्याच्याकडे बघत होती..." त्यांनी हातातली टेप बोटाला गुंडाळली, परत सोडली. "माझ्याकडे तसं कधी कुणी बघितलं नाही."

इस्त्रीवाला सदऱ्याची एकच बाही पुन्हापुन्हा दाबत राहिला.

मास्तरीणबाई उठल्या. डबा घेऊन आल्या, तळाचा कागद उचलला आणि तिकीट कटिंगच्या टेबलावर, कोटाच्या पाठीवर ठेवलं.

"गोष्ट कुठून बेतलीत ते कळलं," त्या म्हणाल्या. "कागद उलटा घातला होतात तुम्ही. आता हे नीट बघा."

"बघितलंय. पाच, बारा."

"दुसऱ्याच्या शिवणीतला एक चुकलेला टाका तुम्हाला रस्त्यावरून दिसतो. चष्मा लावा आणि बघा. हॉलच्या दारात तिकिटाचा अर्धा तुकडा फाडून घेतात. हे अख्खं आहे."

मास्तरांनी चष्मा लावला. तिकिटाच्या मधोमध बारीक भोकांची रेघ होती, अगदी दोऱ्याविना मारलेल्या टिपेसारखी. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं. कुठेच उसवलेली नव्हती.

"त्या तारखेला तुम्हाला दवाखान्यात ठेवून तिसरा दिवस होता. तुमचा तो एकशे नऊ. एकशे चारच होता, पण मला तेवढाही पुष्कळ झाला." त्यांनी नाकावरून पदर फिरवला. "त्याला बघायचं राहिलं ते राहिलंच. आता तो गेला, आता काय दिसणार? त्याचं रडू आहे हे. पण खोटं कशाला सांगता चारचौघांत? बारा नंबरवर कुणी बसलंच नव्हतं. मी तुमच्या खाटेशेजारी लोखंडी स्टुलावर होते, कपाळावरच्या पट्ट्या बदलत."

मास्तरीणबाईंनी टेबलावरचा कोट ओढून मांडीवर घेतला, काजाची जागा नखाने दाबून पाहिली आणि सुई आत घातली.

"आणि तुम्ही तापाच्या भरात मला सांगत होतात, की बाहेर राजा कोटाचं माप द्यायला थांबलाय. तेव्हाही खोटंच बोलत होतात."