चार नंबरच्या ट्रेत

मित्रांनो, मी एक जुना नीडल होल्डर आहे. टाके घालताना सर्जनच्या हातात सुई घट्ट धरून ठेवणारा चिमटा, तो मी. दिसायला कात्रीचा सख्खा भाऊ, पण कापणं माझ्या स्वभावात नाही.

कारखान्यात पोलाद तापवून, ठोकून, घासून मला घडवलं. मुठीपाशी बारीक दाते दिले. ते कट्‌कन एकमेकांत बसले, की सुईची काय बिशाद हलायची! वीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये राबलो. रोज वाफेत शिजून निघालो, पण कधी कुरकुर केली नाही. विभागाचे मोठे सर हात पुढे करून म्हणायचे, "माझा नेहमीचा द्या." तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

पण झीज कुणाला चुकली आहे? दाते गुळगुळीत झाले, सुई निसटू लागली आणि माझी रवानगी सिस्टरांच्या खालच्या खणात झाली. दोन वर्षं कुणी माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

मग निवडीचा दिवस आला. सर्जरी शिकण्यासाठी जागा एक आणि उमेदवार डॉक्टर सहा. रेक्झिनच्या तुकड्यावर दहा मिनिटांत आठ टाके घालून दाखवायचे होते. ट्रे लावताना नेमका एक नीडल होल्डर कमी पडला. सिस्टरांनी मला खणातून काढलं. "चालेल की! परीक्षाच आहे, ऑपरेशन थोडंच आहे?" असं पुटपुटत त्यांनी मला तीन नंबरच्या ट्रेत ठेवलं.

तीन नंबरचा उमेदवार भारी चलाख. त्यानं मला उघडून-मिटून पाहिलं. चार नंबरची मुलगी हातमोजे चढवत होती, तेवढ्यात मला तिच्या ट्रेत सरकवून त्यानं तिथला चांगला उचलला. मी लाजेनं अर्धा झालो, पण ओरडणार कसा?

ती मुलगी तिसऱ्यांदा आली होती. मोठ्या सरांनी सुरुवातीलाच विचारलं होतं, "मागे दोन्ही वेळा 'हात सावकाश' असा शेरा आहे तुमचा. यंदा काय?"

"सराव केलाय, सर. घरी सांगून आलेय, ही शेवटची खेप."

घड्याळ सुरू झालं. दुसऱ्याच टाक्याला सुई माझ्या तोंडातून निसटली. मी जीव तोडून धरत होतो, तरी जमेना. शेजारी तीन नंबर भराभर पुढे चालला होता. माझ्यापायी या पोरीचं नशीब फुटणार, असं वाटून मला रडू येत होतं.

तिनं हात वर केला. "सर, सुई निसटतेय. दुसरा मिळेल का?"

"मिळेल. पण घड्याळ थांबणार नाही."

"चालेल. आणि आधीचे दोन टाके सैल पडलेत, ते काढून पुन्हा घालते."

वेळ संपली तेव्हा तिचे टाके सहा होते, तीन नंबरचे आठ. ती मान खाली घालून बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

मोठ्या सरांनी एकेक टाका बोटानं ओढून पाहिला. मग मला उचललं आणि चक्क ओळखलं! "अरे, हा तर माझा! इथं कसा?"

सिस्टर पुढे झाल्या. "चूक माझी, सर. एक कमी पडला म्हणून ठेवला. पण मी तीन नंबरला ठेवला होता, चारला नाही."

तीन नंबरला आत बोलावलं. त्यानं आधी छताकडे पाहिलं, मग चपलांकडे, आणि शेवटी कबूल केलं.

"तरी पण सहाच टाके?" दुसरे परीक्षक कुरकुरले.

"वेग मी शिकवीन," सर म्हणाले. "सैल टाका आपणहून सांगायला कुठल्या वर्षाला शिकवायचं?"

जागा तिला मिळाली. पहिल्याच आठवड्यात तिनं मला मागून घेतलं, बिजागरीला तेल दिलं आणि मुठीला लाल दोरा बांधला, म्हणजे चुकूनही मी कुठल्या रुग्णापर्यंत जायला नको. आता मी सरावाच्या टेबलावर असतो. नवे डॉक्टर येतात, त्यांना ती आधी मलाच देते आणि गप्प उभी राहून पाहते.

मित्रांनो, वस्तू थकते, तिची वेळेवर देखभाल करा. आणि तुमच्या हाती कधी माझ्यासारखा निसटता चिमटा आलाच, तर मूठ आवळून रेटू नका, शेजाऱ्याकडे सरकवू नका. घड्याळ चालू असलं तरी हात वर करा.