आपत्ती आवारात यायला हवी

"नदीकाठच्या लोकांनी ताबडतोब घरं सोडावीत," असं भोंग्यावर ओरडत पालिकेची गाडी गेली आणि आमच्या गाद्यांच्या कारखान्यातली शिलाई मशीनं एकदम गप्प झाली.

टाचणी उठलीच. टाचणी म्हणजे खोळी शिवणारी. अंगानं बारीक आणि बोलली की टोचते, म्हणून हे नाव. तिचे वडील नदीकाठी तळमजल्यावर एकटे, आणि त्यांच्या गुडघ्यांनी कधीच राजीनामा दिलेला. त्यात मधला पूल केव्हाही बंद होणार. मी टेम्पोवाला, माल भरायला आलेलो. म्हटलं, "चल, सोडतो तुला."

मॅनेजरसाहेब आडवे आले. "रजा कोणी दिली?"

"आपत्कालीन रजा आहे, साहेब. सरकारी इशारा झाला की विचारायचीही गरज नाही. तुम्हीच फलकावर लावलंय."

"आधी आपत्ती तर येऊ दे. आलीय? दाखव कुठंय." साहेबांनी वाकून टेबलाखाली बघितलं. "आवारात पाणी शिरलं, की मी स्वतः तुला हात हलवून निरोप देईन."

"म्हणजे आपत्तीनं आधी हजेरी लावायची?"

"अर्थात. शिस्त सगळ्यांना सारखी."

एवढं बोलून साहेबांना भलतीच कल्पना सुचली. पाणी आतच येऊ दिलं नाही, तर रजेचा प्रश्नच मिटला. मग काय, धावपळ. "गेटला आतून गाद्या लावा. गटाराच्या जाळीत फोम कोंबा. वॉचमनकाका, ते सोडा, इकडे या."

काका 'ते' सोडून आले. 'ते' म्हणजे गच्चीवरच्या टाकीचा पंप. तो चालूच राहिला.

आम्ही गाद्या रचल्या, त्यावर अजून रचल्या. भिंत अशी झाली की मुंगीसुद्धा परवानगी मागेल. साहेब कमरेवर हात ठेवून बघत असतानाच जिन्यावरून धबधबा आला. टाकी भरून वाहत होती. गटार बंद, गेट बंद. बाहेर रस्ता कोरडा ठणठणीत, आत आम्ही घोट्यापर्यंत. साहेबांचा डबा तरंगत त्यांच्याच केबिनमध्ये गेला. साहेब टेबलावर चढले.

टाचणी पाण्यातून टेबलापाशी गेली. "साहेब, हजेरी लागली."

"हे पाणी आपलंच आहे," साहेब वरून म्हणाले. "घरगुती. हे आपत्तीत धरत नाहीत."

"शिरलं की नाही आवारात?"

तेवढ्यात टेबलाचा एक पाय घसरला. साहेबांनी एका हातानं पंख्याचा दांडा पकडला आणि दुसऱ्या हातानं, शब्द दिल्याप्रमाणे, निरोपाचा हात हलवला.

पण गेट उघडायचं कसं? पाणी प्यायलेली गादी म्हणजे जेवून झोपलेला पाहुणा. हलता हलत नाही. टाचणीनं कात्री काढली आणि स्वतः शिवलेल्या खोळी सरासर फाडत सुटली. आम्ही फोमचे लगदे उपसून मागे फेकले. गेट उघडलं, सगळं पाणी रस्त्यावर धावलं आणि त्याच्या मागोमाग आमचा टेम्पो.

पुलावर हवालदार दोरी बांधत होता. टाचणीनं खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून काय सांगितलं देव जाणे, पण त्यानं दोरी खाली सोडली. आम्ही गेलो आणि मागे लगेच पूल बंद झाला.

घराच्या उंबऱ्याला पाणी टेकलं होतं. वडील पिशवी भरून पलंगावर बसलेले. "एवढा उशीर?"

"आपत्तीची वाट बघत होते, बाबा."

मी त्यांना पाठुंगळी घेतलं आणि टेम्पोत बसवलं. टेकडीवर तिच्या बहिणीच्या घराकडे निघालो, तोच फोन वाजला. टाचणीनं स्पीकर लावला.

"अगं, पाणी सगळं निघून गेलं," साहेब म्हणाले. "आवार कोरडं झालं. म्हणजे आपत्ती संपली. परत ये."

वडिलांनी तिच्या हातातून फोन घेतला. "साहेब, ती संपली नाही. आत्ता माझ्या पलंगावर बसली असेल. तुमच्याकडे पाठवून देऊ?"