फेलिउ रोविराची शिष्या

वल्लरी पहिल्यांदा त्या शेडमध्ये गेली ती लेकीचं कॉर्नेट घेऊन. श्रियाच्या शाळेच्या बँडमधलं ते वाद्य, ट्रम्पेटचं ठेंगणं भावंड. त्याची एक कळ खाली गेली की वर यायलाच तयार नव्हती. ऑकलंडच्या सँडरिंगहॅम भागात मिठाईच्या दुकानामागे एक म्हातारा असली वाद्यं घडवतो, असं कोणीतरी सांगितलं होतं.

"यात खोबरेल कोणी घातलं?" फेलिउ रोविरा कडाडला.

"मी."

पुण्याची मेकॅनिकल इंजिनीअर, ऑकलंडच्या ऑफिसात एअरकंडिशनिंगचे डक्ट डिझाइन करणारी बाई, आणि वाद्यात खोबरेल! म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "बस आता. तूच साफ कर."

ती बसली ती बसलीच. आधी शनिवार-रविवार, मग नोकरी सोडून रोज. पितळेचा पत्रा ठोकून ठोकून त्याचं फुलासारखं उमलणारं तोंड कसं करायचं, हे त्याने तिला शिकवलं. तो तिला 'नोया' म्हणायचा, म्हणजे पोरी. ती त्याला 'मेस्त्रे' म्हणायची, म्हणजे उस्ताद. "हा तर आमचा मिस्त्रीच की!" तिने घरी सांगितलं होतं.

फेलिउला कोणी स्पॅनिश म्हटलेलं खपत नसे. तो कॅटलन, स्पेनमधल्याच पण वेगळी भाषा बोलणाऱ्या मुलखातला. त्याच्या तरुणपणी तिकडे हुकूमशाही होती आणि वाद्यांच्या कारखान्यात कॅटलन बोलायला बंदी. हातोडी अंगठ्यावर बसली की हा मोठ्याने कॅटलनमध्येच शिवी हासडायचा. मुकादमाने तंबी दिली, शिवी द्यायची तर स्पॅनिशमध्ये दे. "अंगठा माझा आहे," फेलिउ म्हणाला. नोकरी गेली. बोटीने तो इकडे आला. दिवसा ठोकरलेल्या गाड्यांचे पत्रे सरळ करायचे आणि उरलेल्या वेळात कॉर्नेटं घडवायची. बघता बघता देशभरच्या बँडवाल्यांच्या हातात त्याची वाद्यं दिसू लागली.

गेल्या हिवाळ्यात तो गेला. ख्राइस्टचर्चहून त्याची मुलगी नूरिया आली आणि तिने वडिलांचं नाव आणि वाद्यांचे आराखडे एका वाद्यविक्रेत्या कंपनीला विकून टाकले. आता 'रोविरा' छापाची वाद्यं परदेशातल्या कारखान्यात यंत्रावर निघणार होती.

"असं कसं केलंस?" वल्लरीने विचारलं.

"माझ्या एकाही वाढदिवसाला तो शेडमधून वेळेवर घरी आला नाही," नूरिया म्हणाली. "तुला उस्ताद मिळाला. मला नुसती ठोकाठोक ऐकू यायची."



कंपनीने नव्या वाद्यांचा समारंभ ठेवला आणि वल्लरीला दोन शब्द बोलायला बोलावलं. फेलिउचा वारसा पुढे चालू आहे, एवढंच म्हणायचं होतं.

"बोलून टाक ना," तिचा नवरा प्रसाद म्हणाला. "काय बिघडतं?"

"बोलते की," वल्लरी म्हणाली.

हॉलमध्ये बँडवाले जमले होते. टेबलावर नवी कॉर्नेटं झगमगत होती. वल्लरीने एक उचललं, फुंकून पाहिलं, खाली ठेवलं.

"वाद्य वाईट नाही," ती म्हणाली. "पण हे फेलिउने केलेलं नाही. त्याच्याकडे शिकलेल्या कोणीही केलेलं नाही. तुम्ही नाव विकत घेतलंत, ते तुमचं झालं. माझी जीभ त्या सौद्यात नव्हती."

माइक बंद झाला. ती आवाज चढवून पुढे बोलली, "ज्यांना हाताने घडवलेलं हवं, त्यांनी माझ्याकडे या. नाव माझं असेल."

एकदोघांनी टाळ्या वाजवल्या. बाकीचे हातातल्या ग्लासात बघत राहिले. नूरिया तडक निघून गेली. गाडीत श्रिया म्हणाली, "आई, दॅट वॉज सो एम्बॅरसिंग." मग जरा वेळाने, "बट गुड."

काही आठवड्यांनी नूरिया शेडच्या दारात उभी राहिली; वल्लरी अजून तिथेच काम करत होती. गाडीच्या डिकीत कांबळ्यात गुंडाळलेला जड लोखंडी साचा होता, फेलिउ ज्यावर पत्रा चढवायचा तो.

"हा कंपनीने मागितला नाही, मीही दाखवला नाही," ती म्हणाली. "माझा राग गेलाय असं समजू नकोस. त्याच्यावरचाही नाही, तुझ्यावरचाही नाही."

"चहा घेणार?"

"नाही." पण साचा आत न्यायला तिने दुसऱ्या बाजूने हात लावला.

पुढे वल्लरीने स्वतःच्या नावाचं पहिलं कॉर्नेट पुरं केलं. बॉटनी नावाच्या उपनगरातली एक बँडमास्तरीण ते वाजवून बघायला आली आणि घेऊनच गेली. बातमी पसरली. कंपनीच्या वकिलाचा फोन आला: यापुढे फेलिउ रोविराची शिष्या असं कुठे म्हणायचं नाही, नाव कंपनीचं आहे.

"मी वाद्यावर त्याचं नाव घालत नाही," वल्लरी म्हणाली. "पण कोणाकडे शिकलीस असं मला विचारलं, तर मी खरं सांगणार. खेचा कोर्टात. तिथे तर शपथ घालून विचारतील."

तिने फोन ठेवला आणि पितळेचा नवा पत्रा कापायला घेतला.